थेंबाची उधारी

काचेच्या छोट्या नळीत द्रावण असतं. बोटातून काढलेलं थेंबभर रक्त त्यात सोडायचं, नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा आणि नळीतून पलीकडे बघायचं. रेघा स्वच्छ दिसल्या तर पोर सुटलं. द्रावण गढूळ होऊन रेघा बुजल्या तर वहीत नावापुढे फुली. सिकलसेलची ही सोल्युबिलिटी टेस्ट. स्वस्त, सोपी, विजेवाचून होणारी. नंदुरबारच्या धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी ती पहिल्यांदा जवळून पाहिली, तेव्हा बाकावरच्या बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीच्या नळीमागच्या रेघा बघता बघता दिसेनाशा झाल्या. तिने विचारलं, "सिस्टर, माझं काय निघालं?" सिस्टर म्हणाल्या, "कळवू."

त्या टाळत नव्हत्या. या रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे, गढूळपणा सांगतो ते एवढंच. ते आईवडिलांपैकी एकाकडूनच आलं असेल तर मुलगी वाहक, म्हणजे बहुतेक वेळा ठणठणीत. दोघांकडून आलं असेल तर रुग्ण, म्हणजे हाडं ठणकणारे दिवस, रक्त चढवणं, जन्मभराच्या गोळ्या. ही दोन आयुष्यं नळीला वेगळी करता येत नाहीत. त्यासाठी शिरेतून रक्त काढायचं, बल्बात भरायचं, चिठ्ठी चिकटवायची, थंड डब्यातून मोठ्या प्रयोगशाळेत धाडायचं आणि कागद परत येण्याची वाट बघायची. कागद येईपर्यंत दिवाळी उलटलेली असते. घर बंद करून, लेकरांना बरोबर घेऊन माणसं गुजरातेत ऊसतोडीला गेलेली असतात, ती होळीला परततात. आशाताई कागद घेऊन पाड्यावर जाते आणि कडी बघून माघारी येते.

आमच्या खानदेशात दुकानदार उधारीची वही वेगळी ठेवतो. घेणाऱ्याला विसर पडला तरी देणाऱ्याकडे ती लिहिलेली असते. पाड्यावरून काढलेला रक्ताचा प्रत्येक थेंब मला अशी उधारी वाटतो. घेणारा म्हणतो "कळवू", देणारा उठून जातो. फरक एवढाच की इथे देणाऱ्याकडे वही नाही.

ही उधारी जुनी आहे. भारतात सिकलसेल पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींमध्ये. नोंदवणारे लेहमन आणि कटबुश. महाराष्ट्रात १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी तो नागपुरात दाखवला. पुढे जमातींमागून जमातींची रक्तं तपासली गेली, टक्केवारीची कोष्टकं छापली गेली. ज्यांच्या बोटाला सुई लागली त्यांच्यातल्या किती जणांपर्यंत उत्तर पोचलं, या रकान्याची सोय त्या कोष्टकांत नव्हती. अपवाद होते. पुण्याचे डॉ. सुदाम काटे सत्तरच्या दशकापासून आदिवासी भागात सिकलसेलमागे लागले आणि नुसती गणना करून थांबले नाहीत, उपचाराच्या कामातही उतरले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अपवादाचा सत्कार करणं आपल्याला चांगलं जमतं. त्याचा रिवाज करणं जमत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की चुंबकीय नॅनोतारा आणि सूक्ष्मप्रवाहाची विद्या, जी ऐकायला नंदुरबारपासून सर्वांत लांबची वाटते, तीच ही उधारी रोखीत आणू शकणारी विद्या आहे. पण तिच्याकडून आपण चुकीच्या गोष्टीची अपेक्षा करतो, आणि तिची माणसंही बऱ्याचदा चुकीची गोष्ट मोजतात.

आधी विद्या काय ते पाहू. सिकलसेलमध्ये लाल पेशी कोयत्यासारखी वाकते, हे शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये लिहिलं. का वाकते, हे कळायला आणखी जवळजवळ चाळीस वर्षं गेली. या पेशी वाकतात त्या ऑक्सिजन नसताना, ही गोष्ट १९४५ मध्ये विल्यम कॅसल यांच्याकडून लायनस पॉलिंग यांच्या कानावर पडली आणि त्यांनी ताडलं की दोष पेशीत नाही, हिमोग्लोबिनच्या रेणूतच असणार. १९४९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सिद्ध केलं. पुढे व्हर्नन इन्ग्रम यांनी दाखवलं की सगळा फरक एका अमिनो आम्लाचा. पण ते एक बदलल्याने ऑक्सिजन सोडलेले रेणू एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे धागे वळले जातात. चौदा पदरांचा एक धागा, जाडी साधारण २० नॅनोमीटर. असे धागे पेशीत वाढत गेले की ती आतून ताणली जाऊन लांबुळकी, टोकदार होते. म्हणजे नॅनोतारा प्रयोगशाळेत बनण्याच्या कितीतरी आधीपासून सातपुड्यातल्या माणसांच्या रक्तात बनत होत्या. हा आजारच तारांचा.

आणि चुंबकाशी या रक्ताचं नातं त्याहून गमतीचं. मायकेल फॅरेडे यांनी १८४५ मध्ये वाळलेलं रक्त चुंबकापाशी नेऊन पाहिलं, ते खेचलं गेलं नाही. रक्तात एवढं लोह असून असं का, याचं उत्तर १९३६ मध्ये पुन्हा पॉलिंग यांनीच, कोरिएल यांच्यासह दिलं. ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन चुंबकाला किंचित दूर लोटतं, ऑक्सिजन सोडलेलं किंचित ओढलं जातं. सिकलपेशी वाकते ती ऑक्सिजन सोडल्यावर, आणि ऑक्सिजन सोडताच तिचा चुंबकी स्वभावही पालटतो. १९६५ मध्ये माकिओ मुरायामा यांनी दाखवून दिलं की वाकलेल्या पेशी चुंबकक्षेत्रात आडव्या होऊन ओळीत उभ्या राहतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून जरा वेळ बसलो होतो. त्या आश्रमशाळेतल्या नळीमागे रेघा बुजत होत्या आणि इथे पेशी स्वतःच रेघ आखत होत्या.

ही ओढ मात्र फार क्षीण आहे. साधा लोहचुंबक शेजारी धरून काही होत नाही. चुंबकाची ओढ नुसत्या त्याच्या जोरावर ठरत नाही, तो जोर थोड्या अंतरात किती झपाट्याने बदलतो यावरही ठरते. तार जितकी बारीक, तितका तिच्याजवळ हा उतार तीव्र. म्हणून बारीक पोलादी तारांच्या जाळीतून रक्त सोडून लाल पेशी चुंबकाने वेगळ्या काढण्याचा प्रयोग १९७५ मध्ये मेलविल आणि सहकाऱ्यांनी केला. नॅनोतार ही त्याच वाटेवरची फार पुढची पायरी.

ती करतात कशी, तेही बघण्यासारखं आहे. अॅल्युमिनियमचा पत्रा आम्लात बुडवून वीज सोडली की त्याच्या पृष्ठावर ऑक्साइडचा थर चढतो आणि त्या थरात आपोआप सरळ, उभी, एकसारखी भोकं पडत जातात, मधमाशीच्या पोळ्यासारखी. त्यांच्या तळाशी वीज वाहणारा थर द्यायचा, सगळं निकेल किंवा लोहाच्या क्षारांच्या द्रावणात ठेवायचं आणि पुन्हा वीज सोडायची. भांड्यांना मुलामा देतात तीच क्रिया, फक्त भोकाच्या आत. पावसाळ्यात विहीर तळातून भरत येते तसा धातू भोकात वर चढतो. मग साचा विरघळवून टाकला की हातात उरतात लाखो सुट्या तारा. जाडी दोनशे नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी, लांबी काही मायक्रॉन. लाल पेशी सात-आठ मायक्रॉनची. म्हणजे पेशी भाकरी धरली तर तार तिच्याशेजारी ठेवलेली काडी.

काडीचा आकार हाच तिचा गुण. गोल चुंबकी मण्याला दिशा नसते. लांबट तारेचं चुंबकत्व तिच्या लांबीच्या दिशेने बसतं आणि बाहेरचा चुंबक काढला तरी बरंचसं टिकतं. त्यामुळे ती ओढता येते तशी फिरवताही येते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या गटाने २००५ मध्ये दाखवलं की पेशी वेगळ्या काढायच्या तर निकेलच्या तारा मण्यांपेक्षा सरस ठरतात, आणि सर्वांत चांगलं काम तारेची लांबी पेशीच्या व्यासाएवढी असली की होतं. पण निकेल शरीराला मानवत नाही, कानातल्या खोट्या डुलांनी कान चिघळतात तो निकेलच. म्हणून अंगात सोडायच्या गोष्टींसाठी लोहाकडे वळावं लागतं. अंगाबाहेरच्या चाचणीत ही अडचण बरीच सौम्य होते, आणि मला वाटतं नंदुरबारपुरतं या तारांचं खरं काम तिथेच, थेंबात आहे.

आता सूक्ष्मप्रवाह. थेंब केसाएवढ्या नालीत शिरला की पाणी पाण्यासारखं वागत नाही. नर्मदेच्या धारेत भोवरे असतात, या नालीत नसतात. दोन प्रवाह शेजारून सोडले तर एकाच गाडीतल्या अबोला धरलेल्या दोन प्रवाशांसारखे शेवटपर्यंत शेजारी जातात, मिसळत नाहीत. रक्तात औषध मिसळायचं आहे, चमचा तर आत जात नाही. फिरत्या चुंबकक्षेत्रात गरगरणाऱ्या तारा हा तो चमचा होऊ शकतो. नालीत पडदा, झडप, गाळणी, सगळी कामं त्या बाहेरून हुकूम घेऊन करू शकतात. बल्ब, डबा, जीप, रांग आणि मोठं यंत्र या सगळ्या प्रवासाला काही सेंटिमीटरच्या तुकड्यात दुमडण्याची ही कला आहे. नंदुरबारला अंतराचंच दुखणं आहे, आणि ही विद्या अंतरच आटवते. म्हणून ती इथे चैन नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो घेणारे माझे मित्रच असतात. ज्या जिल्ह्यात बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून डोंगर उतरवावं लागतं, नर्मदेकाठच्या पाड्यांसाठी दवाखाना बोटीवर ठेवावा लागतो, तिथे कसल्या नॅनोतारा काढतोस? आधी रस्ता कर. धुळ्यातून वेगळा होऊन १ जुलै १९९८ ला जिल्हा झाला, २०११ च्या जनगणनेत शंभरातले जवळजवळ सत्तर लोक अनुसूचित जमातींचे, वैद्यकीय महाविद्यालय यायला २०२० उजाडलं. राग खरा आहे. पण रस्ता झाला तरी बल्ब प्रयोगशाळेच्या रांगेतच उभा राहणार आणि कागद बंद दारापाशीच येणार. रस्ता माणसाला दवाखान्यात नेतो, थेंबाला उत्तर देत नाही. शिवाय गरिबाने आधी डांबर मागावं, सूक्ष्म विज्ञान मागाहून, ही उतरंड लावून कोणी दिली? मोबाइलने टेलिफोनच्या खांबांची वाट पाहिली नाही.

दुसऱ्या बाजूचा ढोंगीपणा मात्र मला जास्त खुपतो. या क्षेत्रातले कित्येक शोधनिबंध एका ठरावीक वाक्याने सुरू होतात, की जगातल्या साधनहीन भागांसाठी स्वस्त निदान हवं. पुढच्या पानावर यंत्रणेचं चित्र येतं. चिप नखाएवढी, आणि तिच्याभोवती सिरिंज पंप, सूक्ष्मदर्शक, कॅमेरा, लॅपटॉप, आणि चित्रात न दिसणारा वातानुकूलित खोलीतला एक पीएचडीचा विद्यार्थी. मे महिन्यात तळोद्याच्या उन्हात हे बिऱ्हाड हलवून दाखवा. किती कमी प्रमाण ओळखता येतं याचा आकडा निबंधात असतो. पण माणूस बाकावरून उठायच्या आत उत्तर आलं का, याला एककच नाही. एकक नाही म्हणून स्पर्धा नाही, स्पर्धा नाही म्हणून पैसा नाही.

म्हणून पाड्यावर शेवटी पोचला तो कागद. यात मला काव्यगत न्याय दिसतो. २००७ मध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने कागदावर मेणासारखे पाणी अडवणारे बांध घालून त्यात द्रव खेळवून दाखवला. पंप नको, वीज नको, कागद स्वतःच द्रव शोषत पुढे नेतो. मनू प्रकाश यांनी २०१७ मध्ये दोऱ्यावर गरगरणाऱ्या खेळण्याचं तत्त्व घेऊन कागदाचं, हाताने चालणारं सेंट्रिफ्यूज केलं, त्याचा वेग मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत गेला. बटणात दोरा ओवून आपण सगळ्यांनी हे यंत्र लहानपणी चालवलेलं आहे, फक्त त्यात रक्त घातलं नाही. सिकलसेलसाठी आज वापरात आलेल्या जलद चाचण्यांच्या पट्ट्याही याच घराण्यातल्या. बोटाचा थेंब, काही मिनिटं, आणि वाहक की रुग्ण याचं उत्तर जागेवर. नॅनोतारांपुढे या पट्ट्या गरीब नातेवाईक वाटतात, पण उधारी फेडायला त्याच पहिल्यांदा आल्या.

मग बारीक तारांचं काम संपलं का? उलट, ते इथून सुरू होतं. पट्टी सांगते की तू कोण. तुझं रक्त आज कसं वाहतंय, हे ती सांगत नाही. आणि सिकलसेलमध्ये खरा छळ दुसऱ्या प्रश्नाचा असतो. एकाच घरातल्या दोन रुग्ण भावंडांत एक शेतात राबतो, दुसरा महिन्या-दोन महिन्यांनी दवाखान्यात पडतो. भारतातल्या बऱ्याच रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहतं आणि ते धागे वळू देत नाही, म्हणून आजार सौम्य राहतो, असं पुस्तकं सांगतात. सरासरीने ते खरं आहे. पण रात्री कळवळणाऱ्या पोराच्या आईला सरासरी सांगून काय उपयोग? हायड्रॉक्सियुरियाची गोळी हेच गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते. ती याला लागू पडतेय का, मात्रा पुरते का, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर आज दुखण्यांच्या खेपा मोजून ठरवतो. म्हणजे पोराला दुखू देऊन.

इथे सूक्ष्मप्रवाह जे करू शकतो ते पट्टीला जमणार नाही. २००७ मध्ये जॉन हिगिन्स, संगीता भाटिया, एल. महादेवन आणि सहकाऱ्यांनी केशवाहिन्यांसारख्या नाल्यांची चिप केली. त्यात सिकलचं रक्त सोडलं, बाजूने ऑक्सिजन कमी केला आणि प्रवाह थांबताना पाहिला. ऑक्सिजन परत दिला, प्रवाह सुटला. शरीरात जी गोष्ट वेदनेच्या रूपाने कळते ती काचेत वेळेच्या रूपाने मोजता आली. आयआयटी मुंबईत देबजानी पॉल यांच्या प्रयोगशाळेने ऑक्सिजन काढल्यावर पेशींच्या आकारावरून वाहक आणि रुग्ण वेगळे ओळखण्यावर काम केलं आहे. चुंबकी तारांच्या लोकांनी इकडे बघावं असं मला वाटतं. ऑक्सिजन सुटताना चुंबकी स्वभाव पालटणारं रक्त, उतार तीव्र करणाऱ्या तारा, अरुंद नाली, हे तिन्ही एकत्र आले तर थेंबाला विचारता येईल की कितपत ऑक्सिजन उतरला की तू अडकशील. महिन्यापूर्वीच्या थेंबापेक्षा आज उशिरा अडकलास का, म्हणजे गोळी चालतेय का. असं उपकरण अजून कुठल्याही उपकेंद्राच्या टेबलावर नाही. त्याच्यासाठी लागणारा एकेक धडा मात्र केव्हाच छापून झालेला आहे.

आपली शासनयंत्रणा मात्र पहिल्याच प्रश्नावर खूश आहे. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचं उद्दिष्ट. मोहीम चांगली आहे, पैसा आला, पट्ट्या आल्या. पण फलकावर चढणारा आकडा तपासलेल्यांचा असतो, म्हणजे पुन्हा घेतलेल्या थेंबांचाच. आम्हा नंदुरबारकरांना अशा आकड्यांची सवय आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच शहादा तालुक्यात, टेंभलीला दिला गेला. पंतप्रधान स्वतः आले होते. पहिला फोटो आमच्याकडे काढायचा आणि तंत्रज्ञानाने पुढच्या गाडीने निघून जायचं, ही रीत आम्हाला ओळखीची आहे. ‘निर्मूलन’ हा शब्दही जपून वापरावा. या जनुकाचा एक पदर मलेरियापासून वाचवतो, हे अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवलं. तो जंगलात राहणाऱ्यांच्या रक्तात उगाच आलेला नाही. वाहकाचं निर्मूलन करायचं नसतं, त्याला सांगायचं असतं.

सांगायचं कसं, हा भाग कुठल्याच चिपवर बसत नाही. अलीकडे एका उपकेंद्रात पट्टीवरची तपासणी पाहत होतो. पावरा बाई, बोटावर कापूस दाबून बसलेली, शेजारी नवरा. दहा मिनिटांच्या आत दोघांच्याही पट्ट्यांवर एकसारख्या रेघा आल्या. दोघेही वाहक. या वेळी सिस्टरांना "कळवू" म्हणायची गरज नव्हती. गरज होती ‘वाहक’ला पाड्यावरच्या बोलीत शब्दाची, तो काही सापडेना. त्यांनी ड्रॉवरमधून मक्याचे चार दाणे काढून टेबलावर मांडले. एक पूर्ण चांगला, दोन तुमच्यासारखे, एक आजारी, असं प्रत्येक वेळी, असं बोट ठेवत ठेवत सांगितलं. बाईने दाणे नीट पाहिले. मग म्हणाली, "माझी तीन झालीत ताई. मग आता चौथं आजारी निघणार का?"

सिस्टरांनी दाणे गोळा केले, मुठीत हलवले आणि पुन्हा टेबलावर टाकले.